साडेसातची मालिका

कॅलिफोर्नियातल्या मराठी घरात भारतातून सासू-सासरे राहायला आले की घरच्या इंटरनेटची अब्रू चव्हाट्यावर येते. एरवी अमेरिकन मालिका बघताना ते निमूट चालतं. पण मुंबईत रात्री आठला लागणारी मराठी मालिका, जी इकडे उन्हाळ्यात सकाळी साडेसातला आणि हिवाळ्यात चक्क साडेसहाला लागते, ती सुरू झाली की त्याला धाप लागते. तीही नेमक्या जागी. मालिकेतली थोरली जाऊ जिन्यावर उभी राहून सांगते, "या घराचा खरा वारस आहे..." आणि पडद्याच्या मधोमध ते पांढरं कडं गरगरायला लागतं.

"आता काय झालं गं हिला?" सासूबाई विचारतात.

"बफरिंग होतंय, आई."

"मग आटप म्हणावं."

माझा नवरा नेटवर्किंगच्याच कंपनीत आहे. त्यामुळे त्याने रोगाचं निदान अतिशय सुंदर केलं आणि तो मीटिंगला गेला. मी आपला सामान्य माणसाचा मार्ग धरला, म्हणजे इंटरनेट कंपनीला फोन लावला. तिथल्या गोड आवाजाच्या मुलाने माझ्या गळ्यात गिगाबिटचा प्लॅन मारला. दुसऱ्या दिवशी वारसाचं नाव कळायच्या आत कडं पुन्हा हजर. फरक इतकाच, की आता ते महागाचं होतं.

नवऱ्याचं निदान असं. मुंबई इथून सरळ रेषेत साडेतेरा हजार किलोमीटर आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन-येऊन सेकंदाचा सातवा-आठवा हिस्सा कुठे गेला नाही. त्यात समुद्रातल्या केबल काही सरळ रेषेत येत नाहीत. एक वाट पॅसिफिकमधून, सिंगापूरच्या बाजूने, तर दुसरी लाल समुद्र, युरोप आणि अटलांटिक असा वळसा घालून. शेवटी हिशेब पाव सेकंदाच्या आसपास जातो.

पाव सेकंद म्हणजे काय मोठं? आमच्याकडे चष्मा सापडायलाच अर्धा तास लागतो. पण पाठवणारा मालिका एकदम पाठवत नाही. थोडा माल पाठवतो आणि पोचपावतीची वाट बघत बसतो. १९८१च्या मूळ नियमात पोचपावती न येता जास्तीत जास्त ६४ किलोबाइट पाठवायची मुभा होती. पाव सेकंदाला ६४, म्हणजे सेकंदाला २५६ किलोबाइट, म्हणजे जेमतेम दोन मेगाबिट. मग तुमच्या घरी हजार मेगाबिटची जोडणी असो की लाखाची. १९९२ साली ही मुभा वाढवण्याची सोय झाली. तरी वाटेत एखादं पाकीट गहाळ झालं, की पाठवणारा हात आखडता घेतो आणि पोचपावत्या बघत हळूहळू सैल सोडतो. जवळच्या घरी तो लगेच सावरतो. आमच्यासाठी सावरायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात थोरली जाऊ जिन्यावर खोळंबते.

सासूबाईंना हे पटवायला मी पुण्यातली गच्चीवरची टाकी काढली. पाणी कधीही येवो, टाकी भरलेली असली की आंघोळ थांबत नाही. बफर म्हणजे ती टाकी, आणि कडं फिरतं ते टाकी रिकामी झाल्यावर. त्या म्हणाल्या, "मग मोठी टाकी बसवा." तिथेच तर मेख आहे. जुन्या भागाची टाकी आधीपासून भरता येते. पण आठ वाजता लागणारा भाग आठच्या आधी कुठून भरणार? तो काही-काही सेकंदांचे तुकडे पाडून येतो, आणि आलेला तुकडा संपायच्या आत पुढचा आला तर निभावलं.

मग अमेरिकन मालिका कशा सुरळीत चालतात? कारण त्या लांबून येतच नाहीत. १९९८ साली एमआयटीतल्या टॉम लेटन आणि डॅनियल लुइन यांनी अकामाई काढली. लोकांना लागणाऱ्या गोष्टींच्या प्रती त्यांच्या जवळच्या सर्व्हरवर आणून ठेवायच्या, हा तिचा धंदा. आता बहुतेक सगळे तेच करतात. पण जवळच्या सर्व्हरवर माल राहतो तो मागणी असेल तर. सकाळी साडेसातला आमच्या भागातून ही मालिका मागणाऱ्या बहुधा आमच्या सासूबाईच. पहिल्या गिऱ्हाइकाचा माल थेट मूळ सर्व्हरवरून, दुसऱ्याला तो आयता मिळतो. तेव्हापासून माझी इच्छा आहे, की पलीकडच्या गल्लीतल्या काकूंनी आमच्या आधी अर्धा मिनिट टीव्ही लावावा. त्यांचीही तीच इच्छा असल्याचं कळलं.

नागपूरच्या भाच्याने व्हॉट्सअपवर सल्ला दिला, "मामी, डीएनएस भारतातलं टाक." हे करू नका. कुठल्या सर्व्हरवरून माल द्यायचा, हे पुष्कळदा तुमचं डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा, कुठे आहे त्यावरून ठरतं. ते भारतात नेलं, की तुम्ही नागपुरातच आहात असं समजून तिकडचा सर्व्हर तुमच्या गळ्यात पडतो. व्हीपीएनचंही बरंचसं तेच.

जे उपयोगी पडलं ते फारच गावठी होतं. राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ तार ओढली. ती दिवाणखान्यातून जाते, दिसायला वाईट आहे, आणि तिच्यावर सतरंजी टाकली की सगळे तिथेच अडखळतात. पण त्याआधीचा एक शोध माझ्या मते नोबेलच्या तोडीचा आहे. मालिका लागली की सासऱ्यांचा गार झालेला चहा मायक्रोवेव्हमध्ये जायचा. मायक्रोवेव्ह चालतो २.४५ गिगाहर्ट्झवर, आणि आमचं जुनं वायफाय २.४वर. चहा फिरायला लागला की पडद्यावरचं कडंही फिरायला लागायचं. सासूबाईंनी हे ऐकलं आणि चाळीस वर्षं मनात असलेलं बोलून घेतलं, "तरी मी म्हणते, चहा वेळेवर प्या."

शिवाय चित्राचा दर्जा 'ऑटो'वरून काढून ४८०वर बांधून टाकला. ऑटोवर टीव्ही जमेल तेव्हा उगाच उंच उडी घेतो आणि तोंडावर आपटतो. "चेहरे जरा पुसट दिसतील हं, आई." "दिसू देत. भांडण ऐकू आलं पाहिजे."

आणि शेवटचा उपाय: सुरुवातीलाच मिनिटभर थांबवून ठेवायचं आणि सगळी मालिका मिनिटभर मागून बघायची. टाकीत तेवढं पाणी साठतं आणि कडं जवळजवळ नाहीसं होतं. याला एकच शत्रू. मावशी. त्या कोथरूडमध्ये राहतात आणि आमच्या मिनिटभर पुढे असतात. थोरली जाऊ जिन्यावर चढत असते, तोच सासूबाईंचा फोन वाजतो: "अगं, वारस तो ड्रायव्हर निघाला!"

अंतरावर इलाज नाही, हे तंत्रज्ञांनी आणि आम्ही दोघांनीही मान्य केलंय. तेव्हा भारतातल्या तमाम मावश्या, आत्या आणि विहीणबाईंना हात जोडून विनंती: मालिका चालू असताना परदेशी फोन करू नका. आठ वाजून पस्तीस मिनिटांनी करा. तेव्हा आम्हीच फोन लावलेला असेल.