लिनक्सचा खेळ

लिनक्सवर गेम विकून पोट भरायला ‘लोकी’ ही कंपनी १९९८ साली निघाली आणि २००२ साली मिटली. स्वातंत्र्याचे पोवाडे गाणारं गिऱ्हाईक पाकीट काढायच्या वेळी नेमकं घसा धरून बसलं. मग २०१८ मध्ये व्हॅल्व्ह कंपनीने प्रोटॉन आणलं: विंडोजसाठी बनवलेले खेळ लिनक्सवर चालवा! म्हणजे सुकाळ आला तो लिनक्ससाठी कुणी खेळ न बनवताच.

जबलपूरच्या राइट टाउनमधले आमचे मराठी लिनक्स-क्रांतिकारकही आता गेम रीतसर विकत घेतात, अर्थात सेल लागला की. व्हॅलोरंट या गेमचा चीटिंग पकडणारा पहारेकरी मात्र लिनक्सला दारातच अडवतो. तेवढ्यासाठी डिस्कच्या कोपऱ्यात विंडोज ठेवलेलं असतं. ते पाहुण्यांना दाखवत नाहीत.