हक्काचं बेट

दरवर्षी एकाच गावी जायला आपल्याकडे दोनच कारणं मान्य आहेत : कुलदैवत आणि गणपती. जेजुरीला निघालेल्या माणसाला 'परत तिथेच?' असं कुणी विचारत नाही, आणि चतुर्थीच्या तोंडावर कोकणच्या गाडीला लोंबकळणाऱ्याला 'यंदा जरा वेगळीकडे जा की' असा सल्ला द्यायची तर कुणाची छातीच होणार नाही. आम्ही टोरोंटोहून टोबॅगोला निघालो की मात्र सगळ्यांनाच आमची काळजी वाटायला लागते. आमच्या ओळखीतली मंडळी देश मोजणारी आहेत. त्यांच्या फ्रिजचा दरवाजा मॅग्नेटांच्या वजनानं नीट लागत नाही. आमच्या फ्रिजवर टोबॅगो, टोबॅगो आणि टोबॅगो. पुण्याच्या मावशीनं एकदा फोनवर विचारलंच, "अगं, जमीनबिमीन घेतलीत की काय तिथे?"

जमीन घेतलेली नाही. पण मावशीचा नेम फारसा चुकलाही नव्हता. पुन्हापुन्हा एकाच जागी जाणाऱ्या पाहुण्याच्या अंगात हळूहळू मालक संचारतो. सुरुवातीला तो रस्ता विचारतो, मग रस्ता सांगू लागतो, आणि त्यापुढची पायरी म्हणजे न विचारता सांगतो. माझा नवरा सध्या या तिसऱ्या पायरीवर आहे. विमानतळाबाहेर बॅगा घेऊन गोंधळलेलं एखादं नवखं जोडपं दिसलं की त्याचे डोळे चमकतात. "पिजन पॉइंटला दुपारी जाऊ नका, गर्दी असते," हे तो अशा आवाजात सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, गर्दी यांच्या परवानगीशिवाय जमली आहे.

टोबॅगो म्हणजे त्रिनिदाद आणि टोबॅगो या जोडनावातलं धाकटं. लांबीला सुमारे चाळीस किलोमीटर, रुंदीला दहा, वस्ती साठ हजारांच्या आसपास. पोर्ट ऑफ स्पेनहून लहान विमानानं जेमतेम अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. सीटचा पट्टा बांधून होईतो सोडायची वेळ येते. मात्र एवढ्याशा बेटावर आजवर जितक्यांनी मालकी सांगितली तितकी भाऊबंदकीतल्या जमिनीवरही कुणी सांगितली नसेल. डच आले, फ्रेंच आले, इंग्रज आले, पुन्हा फ्रेंच, पुन्हा इंग्रज. हे बेट तिसाहून अधिक वेळा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेलं. यातला माझा लाडका दावेदार म्हणजे कूरलंडचा ड्यूक. त्याची जहागीर आजच्या लॅटव्हियात, पार बाल्टिक समुद्राकाठी. त्याची माणसं 1654 मध्ये जहाजात बसून थेट इथे वसाहत करायला आली. प्लिमथ गावात त्यांच्या आठवणीचं एक शिल्प आहे आणि जवळच्या उपसागराला अजून कूरलंडचंच नाव आहे. थंडीनं कावलेल्या उत्तरेकडच्या माणसानं नकाशात टोबॅगोवर बोट ठेवावं, यात आम्हाला तरी काही नवल वाटत नाही. 1814 मध्ये बेट कायमचं इंग्रजांकडे आलं. पुढे साखरेचा धंदा बसला, तिजोरीत खडखडाट झाला, तेव्हा 1889 मध्ये त्यांनी ते त्रिनिदादच्या गळ्यात बांधलं. तेव्हा आमच्या गेस्ट हाउसच्या गच्चीत उभं राहून नवरा जेव्हा 'आपला समुद्र' म्हणतो, तेव्हा तो एक जुनी परंपराच पुढे चालवत असतो.

या मालकांच्या यादीत एक नाव कुठेच नाही : आफ्रिकेतून बांधून आणलेल्या आणि इथल्या उसात आयुष्यं घालवलेल्या माणसांचं. बेट आज त्यांच्याच नातवंडा-पतवंडांचं आहे. आमच्यासारख्यांच्या 'आपला समुद्र'कडे ती ज्या शांतपणे पाहतात, त्यात असल्या हक्कदारांचा तीन शतकांचा अनुभव असावा.

आमची घरमालकीण यातलीच. आपण कुणाच्या लक्षात राहतो ते कशामुळे, यावर आपला काही ताबा नसतो. आम्हाला वाटायचं, एवढ्या खेपा झाल्या, एवढ्या गप्पा झाल्या, बाई आपल्याला आपल्या मनमिळाऊपणामुळे ओळखत असणार. एकदा ती फोनवर बहिणीला सांगत होती ते कानावर पडलं : "ते बादलीवाले आलेत." सुरुवातीच्या एका मुक्कामात आम्ही आंघोळीसाठी बादली आणि मग मागितला होता. आता आम्ही यायच्या आधी मोरीत लाल बादली स्वच्छ घासून ठेवलेली असते. कूरलंडच्या ड्यूकला शिल्प मिळालं, आम्हाला बादली.

टॅक्सीवाल्यांशी मात्र आमचं नातं बादलीपलीकडचं आहे. गाडीत बसलं, मूळचे मुंबईचे असं सांगितलं, की साठी उलटलेला ड्रायव्हर आरशातून आमच्याकडे बघतो आणि एकच शब्द उच्चारतो : "गावस्कर." यानंतर क्राउन पॉइंटपासून स्कारबरोपर्यंत आम्ही 1971 मध्ये असतो. वाडेकरांचा संघ, त्रिनिदादच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर मिळवलेला तो विजय, सरदेसाईंच्या मालिकेतल्या 642 धावा, आणि एकवीस वर्षांच्या त्या पोरानं पहिल्याच मालिकेत, तीही एक कसोटी बोटाच्या दुखण्यापायी हुकलेली असताना, काढलेल्या 774. मार खाल्लेल्यांनी मारणाऱ्यावर गाणं रचावं, असा दिलदारपणा जगात फार ठिकाणी सापडत नाही. लॉर्ड रिलेटरनं गावस्करवर कॅलिप्सो केलं आणि इथल्या लोकांनी ते डोक्यावर घेतलं. गाडी दर वेळी वेगळी, ड्रायव्हर वेगळा, गाणं तेच. ऐकून झालं की आम्ही दोघं मान अशी तुकवतो, जणू त्या 774 मधल्या निदान दहाबारा आमच्या आहेत. भाडं कमी होत नाही.

स्टोअर बेला ओळीनं खानावळी आहेत. चालवणाऱ्या सगळ्या बायका. फळ्यावर रोज तेच : करी क्रॅब अँड डम्पलिंग. निळसर पाठीचे खेकडे हळदीच्या दाट रश्श्यात, सोबत पिठाचे जाड, चिवट, चपटे गोळे. इथली करी त्रिनिदादमार्गे आली. 1845 पासून बिहार-उत्तर प्रदेशाकडून मळ्यांत गेलेल्या गिरमिट्यांनी ती नेली. त्यामुळे मालवणी माणसाला पहिल्या घासाला ती परकी वाटते, दुसऱ्याला चुलतबहीण, आणि तिसऱ्यानंतर तो बोलत नाही, नांगी फोडत बसतो. काटा-चमचा घेऊन या ताटाशी भिडणारे पाहुणे मी पाहिले आहेत. त्यांच्या शर्टांकडे पाहवत नाही.

काचेच्या तळाच्या होडीतून नायलॉन पूलला जाणं हा आमचा दरसालचा नेम. भर समुद्रात, किनारा लांब राहिलेला, आणि होडीवाला म्हणतो, उतरा. उतरलं की पाणी कमरेला. खाली पांढरी वाळू, पाणी इतकं नितळ की आपल्या पायांच्या नखांना रंग लावायचा राहिला हे वरून दिसतं. 1962 मध्ये राजकन्या मार्गारेट इथे आली होती आणि आपल्या नायलॉनच्या मोज्यांवरून तिनं हे नाव सुचवलं, असं सांगतात. इथे डुंबलं की माणूस दहा वर्षांनी तरुण होतो, असंही होडीवाले सांगतात. त्या हिशेबानं आम्ही दोघं एव्हाना बालवाडीत असायला हवं होतं. नवऱ्याचं म्हणणं, गुण येतो, पण टोरोंटोच्या हवेत टिकत नाही.

परतीच्या पाहुण्याचा खरा स्वभाव कळतो तो तक्रारीत. 'पूर्वीचं टोबॅगो राहिलं नाही हो,' असं म्हणणारी गोरी म्हातारी माणसं प्रत्येक किनाऱ्यावर एकदोन तरी सापडतात, आणि अलीकडे मीही त्यांच्यात जाऊन बसू लागले आहे. पूर्वी हॉटेलं कमी होती. पूर्वी सरगॅसम नव्हतं. ही तक्रार खरी आहे. 2011 पासून हे तपकिरी समुद्रशेवाळ अटलांटिकमधून लोंढ्यानं येतं, वाऱ्याकडच्या किनाऱ्यांवर साचतं आणि कुजायला लागलं की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. पण 'पूर्वी' या शब्दाशी जरा सांभाळूनच वागलेलं बरं. असाच एक जुना पाहुणा मला बुकू रीफची पूर्वीची शोभा सांगत होता. बोलता बोलता त्यानं सांगितलं की त्या काळी होडीवाले प्लास्टिकच्या चपला द्यायचे, त्या घालून आम्ही मस्त प्रवाळांवरून चालायचो. चालायचो! 1973 मध्ये ती रीफ संरक्षित झाली, पण तोवर आणि त्यानंतरही कितीतरी सुट्ट्या तिच्या पाठीवरून चालत गेल्या. आता तोच गृहस्थ प्रवाळ कुठे गेलं म्हणून हळहळत होता, आणि पायात चपला होत्या.

बेटाच्या कण्यावर, मेन रिजवर, जंगल आहे. ते 1776 पासून कायद्यानं राखीव आहे. पश्चिम गोलार्धातलं हे सगळ्यात जुनं राखीव रान म्हणतात. झाडं आणि पाऊस यांचा संबंध असतो हे स्टीफन हेल्स या इंग्रज शास्त्रज्ञानं मांडलं होतं, त्याचं सोम जेनिन्स या खासदारानं मनावर घेतलं आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. हेतू काही वृक्षप्रेमाचा नव्हता. उसाला पाऊस हवा होता. चुकीच्या कारणासाठी झालेल्या चांगल्या गोष्टींची यादी कधी केली तर मी हे रान वरच्या बाजूला ठेवीन. 1963 च्या सप्टेंबरात फ्लोरा नावाच्या वादळानं ते झोपवलं, नारळीच्या आणि कोकोच्या बागांसकट. पांढऱ्या शेपटीचा एक मोठा हमिंगबर्ड या बेटावरून कायमचा गेला असंच सगळ्यांनी धरलं. दहाएक वर्षांनी तो पुन्हा दिसला. आता वाटाडे तो पक्षी हटकून दाखवतात आणि तोही बराच सहकार्य करतो. त्याच्या मानानं कॉक्रिको हा राष्ट्रीय पक्षी अगदीच सरकारी. देशाच्या राजचिन्हावर त्याला जागा मिळाली आहे आणि पहाटे पाचला खिडकीबाहेर तो ते ओरडून सांगत असतो.

परतीच्या पाहुण्यांचा मूळपुरुषही टोबॅगो आपलाच सांगतं. रॉबिन्सन क्रूसोचं बेट ते हेच, असा इथला दावा. विमानतळाजवळ एक गुहा त्याच्या नावानं दाखवतात. कादंबरीतलं बेट ओरिनोको नदीच्या मुखाजवळ आहे, तेव्हा हिशेब अगदीच सुटत नाही असं नाही. मला यातली दुसरीच गोष्ट आवडते. अठ्ठावीस वर्षं त्या बेटावरून सुटायची धडपड केलेला हा माणूस, घरी पोचल्यावर स्वस्थ बसला नाही. 1719 मध्येच आलेल्या दुसऱ्या भागात तो उतारवयात पुन्हा जहाजात बसतो आणि आपलं बेट बघायला जातो. त्याच्या बायकोच्या मावशीनं काय विचारलं असेल ते डिफोनं लिहिलेलं नाही.

आम्ही जमेल तेव्हा ईस्टरला जातो, कारण ईस्टरनंतरच्या मंगळवारी बुकू गावात बोकडांची शर्यत असते. 1925 पासून चालू आहे. घोड्यांच्या शर्यती बड्या लोकांच्या, म्हणून गावानं आपल्या ऐपतीचा प्राणी घेतला. मात्र थट्टेवारी नेऊ नये. बोकडांना आठवडेच्या आठवडे तालीम असते, समुद्रात पोहायला नेतात, खुराक वेगळा असतो. जॉकी बोकडावर बसत नाही, दोरी धरून मागून पळतो, अनवाणी. म्हणजे शर्यत जिंकायची तर दोघांनाही वेग हवा, आणि दोघांचं एकमत हवं. ही दुसरी अट अवघड.

गेल्या खेपेला नवऱ्यानं एक पांढरा-काळा बोकड हेरला. शर्यतीआधी दोन दिवस तो त्याला किनाऱ्यावर पाहत होता. छाती बघ, म्हणाला. मागचे पाय बघ. शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांशी, बोकडांत जन्म गेल्यासारखी, त्यानं तासभर चर्चा केली. आजोबा प्रत्येक वाक्याला "येस, येस" म्हणत होते. शर्यतीच्या दिवशी पैजा लागल्या, आमच्याही. झेंडा पडला. सगळे बोकड सुटले. आमचा थांबला, वळला आणि शांतपणे प्रेक्षकांच्या कठड्याकडे आला, जिथे एका लहान मुलीच्या हातात मक्याचं कणीस होतं. जॉकी दोरी ओढत होता, विनवत होता, अखेर तोही हसायला लागला. बाकीच्यांची शर्यत संपून विजेत्याच्या गळ्यात फीत पडली तरी आमच्याचं कणीस चालूच होतं.

आजोबा आमच्याकडे वळले. म्हणाले, हा बोकड चांगला आहे, पण त्याला अजून गर्दीची सवय नाही. पुढच्या वर्षी बघा. नवऱ्यानं गंभीरपणे मान डोलावली. संध्याकाळी घरमालकिणीकडे तो पुढच्या ईस्टरची खोली बोलायला गेला, तेव्हा तिनं वही काढली, तारखा लिहून घेतल्या आणि विचारलं, "बादली एक की दोन?"