अनुभवी काका

मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून लक्षद्वीपला निघालेल्या क्रूझवर एक अनुभवी काका असतातच. त्यांना कोणी नेमलेलं नसतं. त्यांची पात्रता एवढीच, की ते मागे एकदा येऊन गेलेले असतात. बाकी आपण सगळे पडलो पहिलटकरणी. काय खावं, कसं बसावं, कुठे हात धरून चालावं, हे शेजारच्या मावशीच्या अधिकाराने ते सांगत सुटतात.

चेक-इनच्या रांगेतच काम सुरू होतं. "परमिट हातात ठेवा, बॅगेत नको. लिफ्टच्या नादी लागू नका, जिना धरा. आणि उद्या इडली सातला संपते, सांगून ठेवतो." इडली साडेनऊपर्यंत होती, पण निम्मं जहाज पावणेसातला ताटली घेऊन उभं.

मधला अख्खा दिवस नुसतं पाणी. हा काकांचा सुगीचा काळ. डेकवर खुर्ची टाकून ते जिथे उतरायचं ते अगत्ती समजावतात. बेट जेमतेम सात किलोमीटर लांब, दक्षिणेला इतकं निमुळतं की धावपट्टीच्या दोन्ही अंगांना समुद्र. जहाज किनाऱ्याला लागायचं नाव नको, कारण भोवती प्रवाळाचा कठडा. बाहेर नांगर टाकायचा नि लहान बोटींतून आत जायचं. बेटावर दारूबंदी. लोक मुसलमान, बोली मल्याळमच्या अंगाची, तिला जसरी म्हणतात. "आणि पोवळ्याचा तुकडासुद्धा खिशात घालायचा नाही. १९७२चा वन्यजीव कायदा आहे!" हे सगळं खरं असतं, हीच तर पंचाईत. थापाड्या माणसाला टाळता तरी येतं.

उतरायच्या दिवशी सगळ्यांना भगवी लाइफ जॅकेटं चढवून बोटीत बसवलं. काकांनी फोटोसाठी उभ्या राहिलेल्या दोन बायकांना खाली बसवलं, एका पोराची टोपी सांभाळली, आणि कठडा ओलांडताच एकदम गप्प झाले. बाहेरचं शाईसारखं पाणी आत मोरपंखी झालं होतं आणि पुढे इतकं नितळ, की बोटीची सावली तळाच्या वाळूवर पडलेली दिसत होती. काका तोंड उघडं टाकून बघत होते. मला वाटलं, जुन्या आठवणी आल्या असतील.

धक्क्यावर पाय ठेवल्यावर मात्र गाडी अडू लागली.

"काका, काचेच्या तळाची बोट कुठे मिळते?"

"मिळते ना. इथेच… सगळीकडेच."

"डावीकडे जायचं की उजवीकडे?"

"दोन्हीकडे छान आहे."

शहाळेवाल्यापाशी तीन वाटा फुटल्या तेव्हा काकांनी कपाळावरचा घाम पुसला. "बदललं हो सगळं. पूर्वीचं अगत्ती राहिलं नाही."

"अहो, पूर्वीचं कसलं?" काकू पट्ट्याच्या वहाणांतली वाळू झटकत म्हणाल्या, "मागच्या खेपेला उतरलो कुठे होतो आपण? समुद्र खवळलेला, त्यांनी बोटी सोडल्याच नाहीत. दिवसभर डेकवरनं दुर्बिणीतून बघितलंत तुम्ही!"

आम्ही सगळे शहाळ्यात बघू लागलो. दुसरा कोणी असता तर मेला असता शरमेने. काका म्हणाले, "दुर्बिणीतून आराखडा नीट कळतो."

जेवायला भात आणि ट्यूनाचं कालवण होतं. इथे जाळ्याने नाही, जिवंत चारा फेकून काठी-गळाने एकेक ट्यूना ओढतात, हे काकांनी सांगितलं. हेही वाचलेलं असणार, पण आता कोणी विचारलं नाही. मग स्नॉर्कल लावून ते कठड्याआतल्या पाण्यात उतरले. तोंड पाण्यात गेलं, लगेच वर आलं. "अहो, मासे!" पुन्हा आत. पुन्हा वर. "निळे! अगं, पिवळेपण!" पाऊण तास त्या माणसाने कोणालाही कसलाही सल्ला दिला नाही. शेवटच्या बोटीची हाक आली तरी बाहेर येईनात. काकूंनी पदर खोचून त्यांना ओढून काढलं.

रात्री जेवणघरात शेजारच्या टेबलावर एक तरुण जोडपं मोबाइलमधले फोटो बघत बसलं होतं. काकांनी खुर्ची तिकडे वळवली.

"पहिल्यांदाच उतरलात ना बेटावर? तरीच. पहिल्या वेळी काही कळत नाही हो."