स्वस्त पोर्शेची उधारी

१५-२० लाखांत पोर्शे मिळते. थाप नव्हे, खरोखर मिळते. पंधरा-सतरा वर्षं जुनी कायेन, काळी नाहीतर पांढरी, आत बदामी लेदर, बॉनेटवर ती ढाल. तेवढेच पैसे घेऊन शोरूममध्ये गेलात तर नवी क्रेटा दारात येते. मग माणसाच्या डोक्यात गणित शिरतं: याच पैशात पोर्शे येत असेल तर क्रेटा कशाला? हे गणित चुकीचं आहे आणि ते मांडणारी माणसं दर महिन्याला भेटतात. त्यात कष्टाने साठवलेले पैसे बुडतात आणि चांगली यंत्रं अकाली मरतात. मला दोन्हींचा राग येतो.

आधी गाडीबद्दल बोलू. पोर्शेने २००२ साली कायेन आणली तेव्हा कंपनीचे जुने भक्त खवळले होते. स्पोर्ट्स कार बनवणाऱ्यांनी एसयूव्हीत हात घालायचा? पण याच गाडीने कंपनीच्या तिजोरीत पैसा ओतला आणि त्या पैशावर त्यांची लाडकी ९११ सुखाने जगली. पहिल्या कायेन टर्बोत ४.५ लिटरचं व्ही८ इंजिन, दोन टर्बो आणि ४५० हॉर्सपॉवर. वजन जवळजवळ २,४०० किलो, तरी शून्यापासून शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आत. २००७च्या फेरफारात इंजिन ४.८ लिटरचं झालं आणि ताकद ५००वर गेली. एवढं धूड घाटातल्या वळणात शिरतं आणि चालवणाऱ्याच्या पोटात गोळा येत नाही, यामागे फार मोठी बुद्धी खर्ची पडली आहे. ही गाडी मला मनापासून आवडते. तिची हेळसांड बघवत नाही म्हणून हे लिहितोय.

आता मुद्दा. किंमत पडते ती गाडीची. पार्टची पडत नाही. कोटीच्या घरातली गाडी १५ लाखांवर आली तरी तिचं एअर सस्पेन्शन, ब्रेक डिस्क, हेडलाइट हे सगळं अजून कोटीच्या गाडीचंच असतं. युरो चढेल तसं ते महागही होत जातं. बाजार खुळा नसतो. एवढी किंमत उगाच खाली येत नाही. पुढे येणारा खर्च बाजाराने आधीच वजा केलेला असतो. वॉरंटी संपली, मालकाने दोन मोठी बिलं भरली, तिसऱ्याचा अंदाज घेतला आणि गाडी विकायला काढली. तुम्हाला जी सूट वाटते ती त्याने न केलेल्या कामांची उधारी आहे. मालकी बदलण्याच्या (टीटीओ) कागदांवर सही केली की ती तुमच्या नावावर.

ही उधारी दिसते कशी? पिंपरीतल्या एका गॅरेजात २००५ची कायेन टर्बो उघडलेली पाहिली. नवा मालक तरुण, गाडी घेऊन जेमतेम काही आठवडे झालेले, तक्रार एवढीच की कूलंट कमी होतंय. या व्ही८च्या मधल्या खाचेत, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, कूलंटचे पाइप जातात. २००३ ते २००६च्या गाड्यांत ते प्लॅस्टिकचे होते. इंजिनची सगळी धग तिथेच कोंडते, आणि वर्षानुवर्षं भाजून प्लॅस्टिक ठिसूळ होतं. मेकॅनिकने मॅनिफोल्ड उतरवलं, पाइपचं टोक चिमटीत धरून दाबलं आणि ते खारी बिस्किटासारखं चुरलं. ‘‘साहेब, हा हायवेवर गेला असता तर इंजिन गेलं असतं,’’ तो म्हणाला. कंपनीने नंतर याच जागेसाठी ॲल्युमिनियमचे पाइप काढले. पार्ट त्या मानाने किरकोळ, मजुरी जड, कारण तिथवर हात पोचवायला अर्धं इंजिन सोडवावं लागतं. आधीच्या मालकाने हे काम टाळलं होतं आणि कूलंट वरून ओतत राहिला होता.

मग गाडी लिफ्टवर चढवली. खालून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टला मध्ये एक बेअरिंग आहे, रबराच्या कड्यात बसवलेलं. हे रबर फाटणं हा कायेनचा जुना आजार. फाटलं की ॲक्सिलरेटर दाबताना पायाखाली ठकठक होते. या गाडीत ठकठक नव्हती. का नव्हती? फाटलेल्या रबराच्या फटीत कोणीतरी पाण्याच्या नळीचे तुकडे कोंबले होते आणि वरून प्लॅस्टिकच्या पट्ट्या आवळल्या होत्या. गाडी विकेपर्यंत आवाज येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. त्या पोराच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. गाडी दाखवताना त्याला लेदर दाखवलं होतं, सनरूफ उघडून दाखवलं होतं, एक्झॉस्टचा आवाज ऐकवला होता. गाडीखाली वाकून बघ, असं एकानेही सांगितलं नव्हतं.

म्हणून मी सांगतो. गाडी बघायला सकाळी जा, न कळवता थोडं लवकर जा, आणि पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर विकणाऱ्याने इंजिन आधीच चालू करून ठेवलंय. थंड इंजिन जे बोलतं ते गरम इंजिन लपवतं. गाडी एका कोपऱ्यावर बसलेली दिसली तर एअर सस्पेन्शन गळतंय. चालू केल्यावर ती उठेल, विकणारा हसून ‘सिस्टम आहे साहेब’ म्हणेल. सिस्टम नव्हे, गळती आहे. गळती भरून काढता काढता कॉम्प्रेसर जळतो.

मीटरवर ३८,००० किलोमीटर असतील तर लगेच हुरळून जाऊ नका. इंजिनच्या कंट्रोल युनिटमध्ये इंजिन किती तास चाललं याची नोंद असते आणि पोर्शे जाणणारा मेकॅनिक स्कॅनर लावून ती वाचू शकतो. किलोमीटरला तासांनी भागा. ३८,००० किलोमीटर आणि ४,००० तास असतील तर सरासरी वेग ताशी साडेनऊ. मुंबईच्या ट्रॅफिकमध्येसुद्धा आयुष्यभराची सरासरी एवढी खाली जात नाही. मीटर मागे फिरवलाय, दुसरं काही नाही.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पुरात बुडालेल्या गाडीचं शाम्पूने सगळं धुऊन निघतं, पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या आतल्या टोकावर गाळाची रेघ राहते. या गाडीत बॅटरी पुढच्या सीटखाली आणि वायरिंगचा पसारा कार्पेटखाली आहे. आत पाणी शिरलेली कायेन फुकट मिळाली तरी घेऊ नये.

पेट्रोलचं थोडक्यात. टाकी १०० लिटरची, शहरात लिटरला चार-पाच किलोमीटर. ‘ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न मनात येत असेल तर ही गाडी तुमच्यासाठी नाही. यात कमीपणा काही नाही.

कागदांकडे वळू. महाराष्ट्रात येणाऱ्या स्वस्त लक्झरी गाड्यांचा मोठा लोंढा दिल्ली-गुडगावचा. राजधानी परिसरात डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा हरित लवादाने घातली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. जुलै २०२५मध्ये तर अशा गाड्यांना दिल्लीतल्या पंपांवर इंधन बंद केलं, लोक भडकले आणि काही दिवसांत तो आदेश गुंडाळावा लागला. पण धास्ती बसायची ती बसली. नऊ वर्षांची डिझेल रेंज रोव्हर तिथे मालकाला जड होते आणि इथे आपल्याला लॉटरी वाटते. एनओसी आहे का, कर्जाचा बोजा उतरलाय का, चलनं किती थकलीत, हे व्यवहाराआधी बघा. गाडी इथे आणल्यावर १२ महिन्यांच्या आत इथलं पासिंग करावं लागतं आणि रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. तिथे भरलेल्या टॅक्सचा परतावा मिळवणं ही वेगळी वारी. पूर्ण इंपोर्टेड गाडीला १५ वर्षं झाली की नोंदणीच्या नूतनीकरणाची फी २०२२पासून ४०,००० रुपये आहे, शिवाय फिटनेस आणि पर्यावरण कर. एजंट तुम्हाला यातलं निम्मंच सांगतो.

इन्शुरन्सचा हिशोब तर कोणी मांडतच नाही. जुन्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, उतरलेली असते, आणि घसारा न कापणारं झिरो डेप कव्हर बहुतेक कंपन्या देत नाहीत. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते. आता पार्ट कोटीच्या गाडीचे आणि आयडीव्ही १२ लाखांची, तर समोरून बसलेला एक बरा धक्का, दोन हेडलाइट, रेडिएटर, एअरबॅग, आणि एरवी सहज नीट होणारी गाडी भंगारात. चांगल्या गाड्या अशाच मरतात.

इथवर सगळं मालकाच्या खिशाचं झालं. त्याचा खिसा, तो बघेल. पुढचं मात्र तुमचं-माझं आहे.

पैसे संपले की माणूस पहिली काटछाट कुठे करतो? स्टिरिओवर नाही, व्हीआयपी नंबरवर नाही. टायरवर आणि ब्रेकवर. कायेन टर्बोच्या २० इंची चाकाला जो टायर लागतो त्यावर १०६ वाय असं छापलेलं असतं. १०६ म्हणजे एका टायरवर ९५० किलो भार, वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंतचा वेग. असे चार टायर घेताना चांगल्या पगारदाराचंही बजेट कोलमडतं. मग मापात बसेल तो स्वस्त टायर चढतो, कधी पुढे एका कंपनीचा आणि मागे दुसरीचाच. फोर व्हील ड्राइव्हमध्ये चाकांच्या घेरात फरक पडला की ट्रान्स्फर केस झिजते, तो पुढचा खर्च. याहून वाईट म्हणजे जुनाच टायर ठेवून देणं. अशा गाड्या फार चालत नाहीत, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते आणि रबर आतून मेलेलं असतं. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो. तिथे २३१६ असेल तर तो टायर २०१६च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. बोटाने चाचपून वाचता येतो. वाचत कोणी नाही.

आणि ही गाडी घेऊन लोक कुठे जातात? समृद्धी महामार्गावर. जून २०२५पासून नागपूर ते मुंबईच्या वेशीपर्यंत ७०१ किलोमीटर सलग रस्ता, ताशी १२०ची परवानगी, सरळसोट काँक्रीट. अशा रस्त्यावर तासन् तास एकाच वेगाने पळताना टायर तापत जातो, आणि जुना, हवा कमी असलेला टायर अशाच वेळी थर सोडतो. टायर फुटून अपघात झाले तेव्हा आरटीओने त्या रस्त्यावर गाड्यांचे टायर तपासायला घेतले होते. ताशी १२०ने जाणाऱ्या २,४०० किलोच्या गाडीत ८०ने जाणाऱ्या हजार किलोच्या लहान गाडीच्या पाचपटीहून जास्त ऊर्जा असते. ती ऊर्जा थांबवायचं काम ब्रेकचं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला असं कंपनी सांगते, कारण ते हवेतली ओल शोषतं आणि खंबाटकीसारखा घाट उतरताना ब्रेक तापले की उकळतं. पेडल मऊ होतं, मग तळाला जातं. त्या वेळी पुढे कोणाची तरी वॅगनआर असते, मागच्या सीटवर पोरं झोपलेली. त्यांनी तुमच्या हौसेत काय म्हणून भागीदार व्हायचं?

मी ‘घेऊ नका’ म्हणत नाही. साध्या नोकरीत राहून जुनी कायेन तळहाताच्या फोडासारखी जपणारी माणसं मला ठाऊक आहेत. ती दुसरी गाडी रोजच्या वापराला ठेवतात, कायेन रविवारी काढतात, फाइलमध्ये प्रत्येक बिल लावतात, आणि गाडी घेताना तिच्या किमतीच्या निम्मे पैसे बँकेत बाजूला टाकतात, पहिल्याच वर्षासाठी. गाडी हातात आल्यावर आधी टायर, ब्रेक ऑइल, कूलंटचे पाइप, इंजिन आणि गिअरबॉक्सचं ऑइल, आणि हे सगळं झाल्यावर लोणावळा. एवढे पैसे बाजूला पडत नसतील तर थांबा. बिनटर्बोची, कमी ताकदीची व्ही६ कायेन बघा, तिचा जीव कमी खर्चिक आहे. नाहीतर सरळ नवी क्रेटा घ्या आणि सुखाने चालवा.

टर्बोच हवी असेल तर टोकन देण्याआधी शेवटचं एक काम. या व्ही८च्या सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडण्याचा दोष आहे आणि तो चालवून कळेलच असं नाही. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडायचा आणि आठही सिलिंडर बघायचे. अर्ध्या दिवसाचं काम, खर्च तुमचा. विकणारा म्हणेल, ‘‘साहेब, उघडायची काय गरज? गाडी मक्खन आहे, दुपारी दुसरी पार्टी येतेय.’’ येऊ द्या. कॅमेरा आत जाऊ देत नसेल तर चावी त्याच्या हातात ठेवा आणि निघा. पुढच्या महिन्यात दुसरी कायेन विक्रीला येणारच आहे.