नोएडाच्या सतराव्या मजल्यावरचा समुद्र

मुक्काम मालवण, तीर्थरूप आजी व आप्पा यांच्या चरणी नोएडास्थित कुटुंबाचा साष्टांग नमस्कार.

आजींच्या भूगोलात घाटापलीकडचा सगळाच मुलूख परदेश असल्याने हे पत्रही परदेशातूनच आले असे समजावे. सर्वांचे क्षेम आहे. मात्र हवेचा निर्देशांक, म्हणजे हवेतील प्रदूषण सांगणारा 0 ते 500 पर्यंतचा सरकारी आकडा, चारशेच्या वर गेल्यापासून खिडक्या बंद आहेत, हवा गाळणारे यंत्र रात्रंदिवस घुरघुरत आहे आणि शाळा संगणकावर भरत आहे.

शाळा सुटल्यावर थोरला नातू त्याच संगणकावर ‘सबनॉटिका’ या खेळात बुडी मारतो, आणि त्याच्या वडिलांनीही त्यापायी रात्रीच्या बातम्या सोडल्या आहेत. अननोन वर्ल्ड्स या अमेरिकी कंपनीने 2018 साली पूर्ण स्वरूपात आणलेला हा खेळ ‘सर्व्हायव्हल’ प्रकारातला, म्हणजे शत्रूला लोळवण्यापेक्षा अन्न, पाणी व श्वास यांची तजवीज करून तगून राहण्याचा आहे. ‘4546 बी’ या जलमय ग्रहावर यान कोसळते, खेळाडू एका तरंगत्या कुपीत बचावतो, आणि मग उथळ पाण्यातील प्रवाळ, निळसर उजेड व मंद संगीत यांत संध्याकाळ कधी सरते ते कळत नाही. बंदुका तर कर्त्यांनी मुद्दामच ठेवलेल्या नाहीत. आरंभी एका दमात 45 सेकंदच पाण्याखाली राहता येते, तरी बाल्कनीपेक्षा तेथे मोकळे वाटते, असे सूनबाईंचे निरीक्षण आहे. भूक-तहान वगळलेला ‘फ्रीडम’ हा पर्याय त्यांनी स्वतःसाठी निवडला आहे, कारण दोन वेळचा स्वयंपाक उरकल्यावर परग्रहावरही भुकेची काळजी वाहणे त्यांना मान्य नाही.

तेथे यंत्रात मासा घातला की क्षणात शिजतो. पण तिरफळ नाही, कोकम नाही, तेव्हा त्यास तिखले म्हणणे धाडसाचे ठरेल. शिजवलेला मासा कालांतराने नासतो, मीठ लावलेला टिकतो व खाणाऱ्याची तहान वाढवतो, हा नियम आजींच्या सुक्या बांगड्यांवरून उचलला असावा, असा घरातील विद्वानांचा कयास आहे. खोल पाण्यात ‘रीपर लेव्हायथन’ नावाचा राक्षसी जलचर गर्जला की मात्र विश्रांती आटोपते आणि नातवाच्या आधी वडील वर येतात. मालवणात जन्मूनही त्यांना पोहता येत नाही, ही घरात इतकी वर्षे झाकलेली गोष्ट त्यामुळेच उघड झाली.

कळावे, लोभ असावा.

ता. क. : सुके बांगडे या वेळी तिहेरी पिशवीत बांधून पाठवावेत; मागच्या पार्सलानंतर सोसायटीने लिफ्टमध्ये सूचना लावली होती.