आवडलं, पण का?

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर गावाजवळच्या एका दुकानात एकदा नायलॉनच्या पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडून ठेवले होते. येणाऱ्याजाणाऱ्यांना विचारायचं, यातला सरस कोणता? उजव्या टोकाचा जोड ४० टक्के लोकांनी पसंत केला, डाव्या टोकाचा जेमतेम १२ टक्क्यांनी. ‘हाच का?’ म्हटल्यावर कुणी विणीची तारीफ केली, कुणी तलमपणाची. चारही जोड हुबेहूब एकसारखे होते, तसूभरही फरक नाही! रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली ही हकीगत छापली. ‘जोड कुठं ठेवला होता, त्यावरून तर तुम्ही ठरवलं नाहीत ना?’ असं विचारल्यावर जवळजवळ सगळ्यांनी कानावर हात ठेवले. वर विचारणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेनं त्याच्याकडे पाहिलं.

हे वाचून मला कौतुक वाटलं ते आपल्याकडच्या साडीच्या दुकानात गादीवर बसणाऱ्या माणसाचं. ढीग उपसत असताना तो फारसं बोलत नाही. गिऱ्हाइकाचा हात एखाद्या साडीवर जरा जास्त रेंगाळला, की ती गुपचूप बाजूला काढतो. मग सुरू होतं, ‘ताई, पदर बघा. काठ बघा. रंगाची गॅरंटी.’ साडी मनात भरलेली असते, हे त्याला केव्हाच कळलेलं असतं. आता घरी सांगायला कारणं हवीत, ती तो फुकट बांधून देतो.

साडीचं सोडा, चेहऱ्यांचं काय? स्वीडनच्या लुंड विद्यापीठात पेटर योहान्सन, लार्स हॉल आणि मंडळींनी लोकांना दोन-दोन बायकांचे फोटो दाखवले आणि विचारलं, जास्त आकर्षक कोण? मग हातचलाखी करून नापसंत केलेलाच फोटो हातात ठेवला आणि पसंतीचं कारण विचारलं. बहुतेकांच्या काही लक्षातच आलं नाही. एकानं कानातल्यांचं कौतुक केलं. त्यानं मुळात निवडलेल्या बाईच्या कानात काहीच नव्हतं! २००५ सालच्या या प्रयोगाबद्दल कांदेपोह्यांची बशी हातात धरून ‘मुलगी मनमिळाऊ वाटली’ म्हणणाऱ्या काका-मावश्यांनी जरूर वाचावं. (किंवा नकोच. ठरलेली लग्नं अडायची.)

माणसं खोटं बोलतात, असं मात्र मला वाटत नाही. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते ठाऊक असतं. इथं मन परस्पर सही करून मोकळं होतं आणि डोकं बिचारं हेडक्लार्कसारखं मागच्या तारखेची टिपणं लिहीत बसतं. तीही अगदी प्रामाणिकपणे!

तेव्हा लग्न मुरलेल्या मंडळींना एक विनंती. ‘माझ्यात असं काय पाहिलं होतंस?’ हा प्रश्न जोडीदाराला टाकू नका. विचारलातच, तर मिळेल ते उत्तर गोड मानून घ्या आणि उलटतपासणी टाळा.