हजार किलोमीटरचे काका

नवी गाडी सोसायटीच्या फाटकातून आत आली की पहिला पेढा कोणाला द्यायचा हा प्रश्नच येत नाही. जे काका सगळ्यांच्या आधी खाली उतरलेले असतात, त्यांना. सारसबागेच्या गणपतीपुढून आणलेला हार अजून बोनेटवर ओला असतो, चाकाखालचं लिंबू नुकतंच फुटलेलं असतं, आणि कुंकवाचं स्वस्तिक पुसलं जाऊ नये म्हणून मालकीणबाई पोरांना लांब हाकलत असतात. काका पेढा तोंडात टाकतात. रंगाविषयी अवाक्षर काढत नाहीत. किंमत विचारत नाहीत, कारण ती त्यांना ऑन रोड, इन्शुरन्ससकट माहीत असते. बोटं रुमालाला पुसतात, खाली वाकून गाडीच्या पोटाकडे एकदा बघतात आणि म्हणतात,

"हजारला ऑइल टाका हं काढून."

"काका, पुस्तकात दहा हजार लिहिलंय."

"पुस्तक कंपनी लिहिते. इंजिन कोण बनवतं?"

याचं उत्तर 'कंपनीच' असं असतं, पण ते द्यायचं धाडस आजवर कोणी केलेलं नाही. कारण पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ आहे. इंजिन काका बनवतात. निदान बनवायचे. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका मोठ्या कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये त्यांची हयात गेली, आणि त्यातली बरीचशी होनिंगच्या मशीनवर. होनिंग म्हणजे काय हे आमच्या इमारतीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सिलिंडरच्या बोअरमधून बारीक दगड फिरवून आतल्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघा पाडायच्या. त्या रेघांत ऑइल धरून राहतं. पिस्टनच्या रिंगा सुरुवातीला त्या रेघांच्या टोकांवर घासतात, टोकं झिजतात, रिंगा नीट 'बसतात'. आणि झिजलेलं सगळं कुठे जातं? इथे काका थांबतात आणि वर्गावर नजर फिरवावी तशी पार्किंगवर नजर फिरवतात. "ऑइलमध्ये!" असं कोणीतरी म्हणेपर्यंत लिफ्टसुद्धा वर जात नाही.

"पण काका, तुम्हीच होनिंग करत होतात ना? मग इतका अविश्वास कशाला?"

"मीच करत होतो, म्हणून तर सांगतो! शनिवारी सेकंड शिफ्टला काय माल निघायचा, ते मला विचार."

हा युक्तिवाद बिनतोड आहे. जगातल्या बाकी सगळ्या कारागिरांना आपल्या हातच्या कामाचा अभिमान असतो. काकांना त्याची धास्ती आहे.

ही जात पुण्यापुरती आहे असं समजू नका. नाशकात सातपूर-अंबडला, संभाजीनगरात वाळूजला, जिथे म्हणून एमआयडीसीतून माणसं निवृत्त होऊन फ्लॅटमध्ये राहायला आली, तिथे प्रत्येक सोसायटीत एक काका असतातच. फक्त भीतीचा विषय बदलतो. कोल्हापूरच्या काकांचं आयुष्य शिरोलीच्या फाउंड्रीत गेलेलं असतं, त्यामुळे त्यांना रेघांची टोकं नव्हे, तर ओतकामाची वाळू दिसते. "ब्लॉकच्या कोपऱ्यात वाळू राहत्या बघा. ती ऑइलमधनं फिरत्या." एकदा एका लग्नात पुण्याचे काका आणि कोल्हापूरचे काका एकाच पंगतीत आले. मठ्ठा येईपर्यंत वाळू जास्त घातक की धातूचा कीस, यावर घनघोर झालं. ऑइल मात्र हजारलाच काढायचं, यावर एकमत होऊन मंडळी जिलबीकडे वळली.

काकांची थट्टा करणं सोपं आहे, पण त्यांचं म्हणणं एके काळी शंभर टक्के बरोबर होतं, हेही सांगायला हवं. त्यांच्या उमेदीच्या काळात रस्त्यावर गाड्या त्या किती? उत्तरपाड्याची अँबॅसिडर आणि कुर्ल्याची फियाट, जिचं 1974 साली पद्मिनी झालं. नव्या गाडीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' अशी पाटी लावायची, चाळीसच्या वर काटा न्यायचा नाही, मागून बैलगाडी आली तरी तिला वाट द्यायची. इंजिन खरोखरच रुळायला वेळ घ्यायचं. यंत्रकामात आजचा नेमकेपणा नव्हता, ऑइल एकाच ग्रेडचं, जाडंभरडं. पहिल्या हजारात ते काढलं तर खरंच त्यात कीस चमकायचा. त्यात गाडी मिळायचीच मुळी वर्षानुवर्षं नंबर लावून. बजाजच्या स्कूटरसाठी दहा-दहा वर्षं थांबलेली ही पिढी. मुलगा शाळेत गेला तेव्हा नोंदवलेली स्कूटर तो कॉलेजात गेल्यावर दारात यायची. इतकी वाट बघून आलेल्या इंजिनाशी कोण जुगार खेळेल? 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली, पुढे नंबर लावणं संपलं, गाड्या मिठाईसारख्या मिळू लागल्या. धास्ती तेवढी राहिली.

दरम्यान कारखान्यांत बरंच काही बदललं. आता होनिंगच्या शेवटच्या हातात रेघांची टोकं तिथेच कापून सपाट करतात, म्हणजे पूर्वी जे काम रिंगांनी रस्त्यावर करायचं, ते बरंचसं कारखान्यातच उरकलेलं असतं. जुळणीआधी ब्लॉक धुऊन काढतात, आणि जो बारीकसारीक कण सुटतो त्याला धरायला फिल्टर बसलेला असतोच. होंडासारखी कंपनी तर कारखान्यात भरलेलं ऑइल वेळेआधी काढूच नका असं बजावते. म्हणून आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत पहिल्या ऑइलची वेळ 'दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते' अशी असते. हजारच्या फ्री सर्व्हिसला सर्व्हिस सेंटरवाले नुसती पातळी बघतात, इथेतिथे पाना लावतात आणि गाडी धुऊन देतात. पुस्तिकेतले 'जे आधी होईल ते' हे शब्द मराठी माणसाने वाचल्याचं ऐकिवात नाही. गाडी झाकून ठेवली की ऑइलही झोपतं, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात मंडईपर्यंत जाऊन परतणारी गाडी पुरती तापतसुद्धा नाही. ऑइलमध्ये पाण्याचा अंश आणि कच्चं पेट्रोल उतरतं आणि किलोमीटर न होताच ते कामातून जातं. धूळ, छोट्या फेऱ्या, रांगतं ट्रॅफिक यांना पुस्तिकेत 'खडतर वापर' म्हणतात आणि ऑइल लवकर बदला असं सांगतात. सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सातला गाडी चालवणाऱ्याला हा खडतरपणा वेगळा समजावून द्यायला नको. पण काकांना या असल्या साध्या कारणांत रस नाही. त्यांना कीस हवा असतो.

आणि पुरावे त्यांच्याकडे भरपूर असतात. पहिला पुरावा मोटरसायकलचा. "तुझ्या बाइकचं ऑइल पहिल्या सर्व्हिसलाच काढलं ना? मग गाडीने काय घोडं मारलंय?" खरंय, बहुतेक बाइकचं काढतात, पण बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच अशी तीन बिऱ्हाडं एकाच ऑइलवर नांदतात, तिघांची झीज एकाच भांड्यात जमते. हे काकांना माहीत नाही असं नाही. ते फक्त सांगत नाहीत. दुसरा पुरावा थेट जर्मनीहून येतो. बीएमडब्ल्यूच्या एम मालिकेतल्या गाड्यांचं ऑइल पहिल्या दोन हजार किलोमीटरला काढावंच लागतं, कंपनीचाच नियम. "म्हणजे जर्मन लोक मूर्ख?" असं ते विचारतात, आणि समोर आपली साधी हॅचबॅक उभी असताना आपल्याला जर्मनांची बाजू घ्यावी लागते.

ऑइलच्या ग्रेडवरून तर त्यांचा पाराच चढतो. हल्ली झीरो डब्ल्यू ट्वेंटी नावाचं पातळ ऑइल येतं. नव्या इंजिनातल्या फटी बारीक, ऑइल पातळ असलं की थंड इंजिनातही झटकन सगळीकडे पोचतं आणि ॲव्हरेजही थोडं वाढतं. काकांनी डिपस्टिक ओढली, टोकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळला, वास घेतला. "हे ऑइल? अरे, खोबरेल बरं! ते डिसेंबरात थिजतं तरी."

सर्व्हिस सेंटरमध्ये काकांना बरोबर नेऊ नये. न नेलं तरी ते येतात. तिथला टॅबवाला मुलगा, इस्त्रीचा शर्ट, तोंडात सारखं "सर". "सर, कंपनी रेकमेंड नाही करत हजारला." इतकं बोलून तो थांबला असता तर शास्त्रोक्त होता. पण लगेच त्याच दमात तो अंडरबॉडी कोटिंग, टेफ्लॉन, एसी डिसइन्फेक्शन आणि कसलंसं इंजिन ट्रीटमेंट यांचं पॅकेज पुढे करतो. फ्री सर्व्हिस म्हणजे मजुरी फ्री, हे आपल्याला बिल बघून कळतं. काका त्याला विचारतात, "बाळा, ऑइल बदलायला इंजिन फार नवीन आहे, आणि ट्रीटमेंट द्यायला जुनं झालंय होय?" त्या दिवशी अख्ख्या वेटिंग रूममध्ये काकांनाच चहा विचारला गेला. मला विचाराल तर खरा खर्चिक प्राणी तो टॅबवाला. काकांच्या नादाने फार तर तीन-चार हजार जातात, इंजिनाला अपाय म्हणून काही होत नाही, आणि बिल जपून ठेवलं की वॉरंटीचीही कटकट नाही. आजवर लवकर ऑइल बदलून इंजिन बसलंय, असं एकही उदाहरण मी ऐकलेलं नाही.

शिवाय काढलेलं ऑइल वाया जात नाही. ते काका बाटलीत भरून ठेवतात. गावी जुनं काळं ऑइल दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून फासतात. इथे फ्लॅटच्या चौकटीही ग्रॅनाइटच्या. म्हणून काकांनी बिजागऱ्या धरल्या. आमचं फाटक, मीटर खोलीचं दार, क्लब हाउसचं शटर, पोरांचा झोपाळा, सगळं काही कोणाच्या ना कोणाच्या पहिल्या ऑइलवर चालतं. बी विंगमधल्या झोपाळ्याला म्हणे क्रेटाचं आहे. बसल्यावर फरक कळतो.

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंची गाडी हजारला पोचली. बाई समंजस, हो म्हटलं की वाद मिटतो, हे त्यांना रुग्णांमुळे माहीत. रविवारी सकाळी काकांनी ओळखीचा मेकॅनिक बोलावला. गाडी थोडी फिरवून ऑइल कोमट केलं, कारण गार ऑइल चिकटून बसतं आणि घाण आतच राहते. जॅक, गाडीखाली स्टँड, चेंबरखाली पांढरी एनॅमलची पाटी. पांढरीच, कारण तिच्यात कीस दिसतो. मग काकांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं नालेच्या आकाराचं चुंबक काढलं. कारखान्यातलं. निवृत्तीच्या दिवशी घड्याळ मिळालं होतं ते कपाटात आहे. हे खिशात असतं.

नट सैल झाला. धार पडली, मधासारखी, जेमतेम काळवंडलेली. मेकॅनिकने नटाचा जुना वॉशर काढून टाकला आणि नवा घातला. पाटी भरत आली तसं काकांनी चुंबक हळूच आत सोडलं आणि तळाशी गोल गोल फिरवलं. वॉचमन, दूधवाला, दोन पोरं आणि डॉक्टरीणबाई वाकून बघत होत्या. काकांनी चुंबक वर काढलं, निथळू दिलं, पिशवीवरून चिंधी फिरवली आणि ती उन्हात धरली.

काही नव्हतं. अगदी नीट बघितलं तर करड्या रंगाची एक पुसट छटा, तीही चिंधीची असू शकेल.

कोणी काही बोलेना. काकांनी चिंधी उलटसुलट केली, चष्मा वर करून जवळून पाहिली.

"ॲल्युमिनियम आहे," ते म्हणाले. "ते चुंबकाला लागत नाही."

बाईंनी मान डोलावली. नवा फिल्टर बसला, नवं ऑइल पडलं, डिपस्टिक दोनदा पुसून झाली.

"काका, मग आता पुढचं ऑइल कधी?"

काका चुंबक गुंडाळत होते. फाटकातून कोणाची तरी तात्पुरत्या नंबरची नवी गाडी आत वळत होती.

"पुढचं?" ते तिकडे निघताना म्हणाले. "ते बघा ना पुस्तकात."